मोहाखालची आग: नागझिऱ्याचा वसंत आणि माझं एक चुकलेलं वाक्य

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज मला माझंच एक वाक्य दुरुस्त करायचंय.

मागच्या उन्हाळ्यात आपण वणव्यांवर एक भाग केला होता. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. त्यात मी अगदी ठसक्यात म्हणाले होते, "मोहफुलं वेचायला गावातले लोक जंगल पेटवतात, विषय संपला." दोन दिवसांनी एका मुलाचा मेसेज आला. तो नागझिऱ्याजवळच्या एका गावातला, सीझनमध्ये गाईडचं काम करतो. त्याने एवढंच लिहिलं होतं, "ताई, एकदा या. माझी आई मोह येचते."

तो भांडला असता ना, तर मी पण भांडले असते. पण कुणी असं घरी बोलावलं तर काय करणार? यंदा होळी झाली आणि आठवड्याभरात मी बॅग भरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. नागझिरा म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतलं जंगल. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. नागपूरहून रायपूरच्या रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर साकोली लागतं, तिथून आत वळायचं. ताडोबाइतका गाजावाजा इथे नाही. वाघ आहेत, पण दिसतीलच याची खात्री कुणी देत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे जे घडतं त्यासाठी वाघ दिसायची गरजही नाही.

पहाटे गेटवर पोचलो. पहिली गोष्ट, मोबाईल जमा. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर भागात आता मोबाईल नेता येत नाही. खरं सांगते, मला आधी हात रिकामे रिकामे वाटले. माझ्या जिप्सीत एक कॉलेजचा ग्रुप होता, त्यातला एकजण पहिली दहा मिनिटं सारखा खिसा चाचपत होता. मग हळूहळू सगळेच बाहेर बघायला लागले.

बाहेर काय होतं? तुम्ही म्हणाल वसंत म्हणजे हिरवंगार. तसं अजिबात नाही. हे पानगळीचं जंगल आहे. पाऊस संपून पाच-सहा महिने झालेले, जमिनीतलं पाणी खाली गेलेलं, म्हणून झाडं पानं टाकून देतात. पानांतून पाणी उडून जातं, ते वाचवायचं असतं. त्यामुळे मार्चमध्ये सगळीकडे करड्या फांद्या आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. चालणारं काहीही ऐकू येतं. साधी खार पळाली तरी वाटतं मोठं जनावर आलं.

आणि त्या करड्या रंगात मध्येच पळस. एकही पान नाही, नुसती केशरी फुलं, फांदीच्या टोकापर्यंत. कळ्यांची देठं काळपट, मखमलीसारखी, त्यामुळे केशरी आणखीच उठून दिसतो. मी इन्स्टावर पळसाचे शंभर फोटो पाहिलेत. पण झाडाखाली जिप्सी थांबवून इंजिन बंद केल्यावर जे कळतं ते फोटोत नव्हतं. ते झाड आवाज करत होतं! मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सगळ्यांची एकाच झाडावर भांडणं चाललेली.

आमच्या गाईडने, म्हणजे त्याच मुलाने, खाली पडलेलं एक फूल दाखवलं. पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, त्याचा अर्थच मुळी "हा पोपट आहे की काय?" असा सांगतात. तो म्हणाला, "ताई, हे फूल पाखरांसाठी हाय. आत रस रायते. पाखरू चोच घालते तं डोक्याले परागकण लागते, अन् ते दुसऱ्या झाडावर नेते."

यामागचं कारण छान आहे. लाल-केशरी रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. मधमाश्यांना लाल रंग तितका नीट दिसत नाही. आणि पानं नसतील तर फुलं झाकलीही जात नाहीत. म्हणजे पानगळ आणि फुलोरा एकाच वेळी येणं हा योगायोग नाही, झाडाला त्यात फायदा आहे. काटेसावरीचंही तेच. उंच झाड, अंगावर काटे आणि वर जाडजूड लाल फुलं. वानरं वर बसून ती खातात, अर्धी खाली पाडतात आणि खाली चितळ उभे असतात. आम्ही गेलो तेव्हा सावरीचा बहर संपत आला होता, तरी खाली पाच-सहा चितळ होतेच. एक जुनी सवय असावी तसे मान वर करून बघत होते.

एक गंमत सांगते. एका वळणावर मी ओरडले, "अरे तो बघा, केवढा लाल फुललाय!" गाईड हसला. ती फुलं नव्हतीच. ते कुसुमाचं झाड होतं आणि ती त्याची नवी पालवी होती. कुसुमाची कोवळी पानं मार्चमध्ये लालभडक असतात, मग हळूहळू हिरवी होतात. माझ्यासारखे बरेच लोक फसतात म्हणे.

तर वाघ दिसला का? नाही. कॉलेजचा ग्रुप सुरुवातीला नाराज होता. पण परतताना त्यांच्यात वाद चालला होता की पळसाला पानं तीन की पत्रं तीन. म्हण आहे ना, पळसाला पाने तीनच. खरं तर वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते तीन मिळून एकच पान असतं, तीन दलांचं. फोन नव्हता, त्यामुळे गुगल करून कुणाला वाद संपवता आला नाही. गेटपर्यंत चालू होता.

पण मी ज्यासाठी गेले होते ते पुढे होतं.

त्या रात्री मी गाईडच्या घरी राहिले. पहाटे साडेचारला काकूंनी हलवून उठवलं. "चाल बाई, उजेड व्हायच्या आधी पोचा लागते." आम्ही जंगलात गेलो नाही. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची तीन झाडं आहेत, तिकडे गेलो. हातात टॉर्च, डोक्यावर टोपली.

मोहाजवळ पोचायच्या आधी वास येतो. गोड, जड, थोडा आंबूस. आणि मग आवाज. टप, टप, टप. अंधारात वरून फुलं पडत होती.

मला वाटत होतं मोहाचं फूल म्हणजे साधारण फुलासारखं फूल असेल. पण ते हातात घेतलं तर छोट्या द्राक्षासारखं. फिकट पिवळसर, मांसल, आत रस. एक तोंडात टाकलं, गुळचट लागलं. ही फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, आणि पहाटेपासून सकाळपर्यंत ती गळून पडतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी मला माहीत नव्हती. खाली पडतो तो फक्त मांसल भाग. ज्यातून फळ धरतं तो भाग वर फांदीलाच राहतो. त्यातून पुढे टोळी धरते, टोळीच्या बियांचं तेल निघतं. म्हणजे खाली पडलेलं फूल वेचलं म्हणून झाडाचं बी बुडत नाही. झाड ते टाकूनच देतं. चितळ खातात, अस्वलं खातात, गुरं खातात, माणसंही वेचतात.

काकू वाकून वेचायला लागल्या. मी पण. पंधरा मिनिटांत माझी कंबर गेली. काकू बोलत बोलत वेचत होत्या, हात थांबत नव्हता. उन्हं वर यायच्या आत सगळं उचलायचं, नाहीतर गुरं येतात. मग घरी अंगणात वाळवायचं. वाळलं की मनुकांसारखं लालसर होतं. काही घरात राहतं, भाकरीत, लाडवात, बैलांना. बाकीचं विकायचं. काकूंनी सरळ सांगितलं, "शेतातले पैसे दिवाळीले येते. ह्या दोन महिन्यात हातात पैसा हाच."

मग मी तो प्रश्न विचारला. घाबरतच विचारला. म्हटलं, "काकू, लोक म्हणतात मोहासाठी आग लावतात."

काकूंचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मीबी लावली हाय."

मी गप्प.

मग त्यांनी समजावून सांगितलं. या धुऱ्यावरच्या तीन झाडांखाली जमीन मोकळी आहे, पडलेलं फूल दिसतं. पण त्यांच्या वाट्याची आणखी दोन झाडं गावाबाहेरच्या जंगलात आहेत. तिथे खाली गुडघाभर पाला. त्यात पिवळसर फूल पडलं की दिसत नाही. आणि पहाटेच्या अंधारात त्या पाल्यात हात घालायचा, तर साप-विंचू असतात. पाला साफ करायचा तर एका झाडाखाली खराट्याने अर्धा दिवस जातो. काडी लावली की पाच मिनिटांत जमीन काळी होते, आणि काळ्या जमिनीवर पिवळं फूल टॉर्चमध्ये चमकतं. सगळं सोपं.

"आमची सासू लावे, तिची सासू लावे," त्या म्हणाल्या. "झाडाभोवती पाला लोटून गोल करायचा, त्याच्यातच जाळायचं, संपेपर्यंत उभं राहाचं. तसं शिकवलं होतं. एका वर्षी घाई होती. पोराले ताप होता. मी काडी लावली अन् घरी आली. दुपारी वारं सुटलं."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हापासून खराटा."

आता ऐका. या बाईंचा मुलगा, आपला गाईड, सीझनमध्ये सफारी नसते तेव्हा काय काम करतो माहितीये? आग विझवायचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्यांचा काळ धरतात. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे पट्टा साफ करून ठेवतात, आग तिकडून इकडे येऊ नये म्हणून. आणि आग लागलीच तर पाठीवर ब्लोअर अडकवून, हातात ओल्या फांद्या घेऊन माणसं पुढे जातात. डोंगरउतारावर, चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या उन्हात. पाण्याचा बंब तिथे पोचत नाही.

हे काम किती धोक्याचं आहे? एप्रिल २०२१ मध्ये याच नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. त्या आगीचं कारण काहीही असो, विझवायला गेले ते आसपासचेच लोक होते. मागच्या वर्षी मी स्टुडिओत एसीमध्ये बसून "गावातले लोक" म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पेटवणारे होते. विझवणारेही त्याच गावातले, कधीकधी त्याच घरातले असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून आज वाक्य दुरुस्त करते. अर्धं मागे घेते, अर्धं ठेवते.

ठेवते ते असं: हो, मोहाखाली लावलेली आग हे वणव्याचं एक खरं कारण आहे आणि ती थांबायला हवी. याच दिवसांत रातवा जमिनीवर, वाळक्या पानांत अंडी घालतो. रानकोंबड्याही जमिनीवरच घरटं करतात. ते सगळं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोहाचंच नुकसान होतं. काकूंनी मला झाडाखाली बोट दाखवलं, "पाय, इथं पिल्लू दिसते का एक तरी?" मोहाचं रोप म्हणायचं होतं त्यांना. दरवर्षी खाली आग लागली की उगवलेलं रोप जळतं. आज ज्या झाडांचा मोह वेचतात ती आजा-पणजाच्या वेळची झाडं आहेत. त्यांच्यामागे तरणी झाडं फारशी नाहीत. म्हणजे आग लावून यंदाचं फूल सोपं होतं, पण नातवाचं झाड जातं.

आणि मागे घेते ते "विषय संपला". विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. वणव्याला कारणं अनेक आहेत. तेंदूच्या नव्या पानांसाठी, गवतासाठी, कुणी फेकलेली विडी-सिगारेट, रस्त्याकडेला पेटवलेली चूल. आपण फिरायला जाणारेही त्यात आहोत. आणि मोहाचंच घ्या, या जंगलात मोह अजून उभा आहे याचं मोठं कारण हे वेचणारे लोक आहेत. शेताच्या मधोमध मोह असला तरी तो तोडत नाहीत. झाड कुणाच्या वाट्याचं हे गावात ठरलेलं असतं. हे लोक गेले तर मोहाची पर्वा कोण करणार?

मग उपाय काय? काकूंचा खराटा हा एक. दुसरा त्यांच्याच गल्लीत पाहिला. एका घराने जुन्या साड्या जोडून चादर शिवली आहे, ती झाडाखाली अंथरतात. फूल थेट कपड्यावर पडतं, माती लागत नाही, पाला जाळावा लागत नाही. काही ठिकाणी जाळ्या अंथरतात किंवा बांधतात, वाटून देण्याचे प्रयत्नही झालेत. माती नसलेल्या स्वच्छ फुलाला दर बरा मिळतो, हे काकूंचं म्हणणं. पण जंगलातल्या झाडाखाली साडी अंथरून ठेवली तर रात्रीत अस्वल येऊन फाडतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे सोपं काहीच नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर लोकांचा हक्क मान्य केलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल आपलं आहे असं कागदावर लिहून आलं की ते जपायचं कारणही आपलंच होतं. नुसती बंदी आणि दंड यापेक्षा मला हा रस्ता जास्त पटतो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा, मागच्या वेळी एका मेसेजनेच मला इथवर आणलं.

आता जायचं असेल तर थोडं कामाचं.

फुलांसाठी जायचं तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जा. सुरुवातीला सावर आणि पळस, मग कुसुमाची लाल पालवी आणि मोह. बहावा बघायचा तर एप्रिल-मे, पण मग उन्हाची तयारी ठेवा. सकाळची सफारी घ्या. पहाटे थंडी असते, नऊनंतर भाजतं, त्यामुळे अंगावर काढता-घालता येईल असं काहीतरी हवं. भडक कपडे नको. फोन आत जाणार नाही, तर दुर्बीण न्या, कुणाची उसनी चालेल. आणि गाईडला सुरुवातीलाच सांगा, "दादा, आम्हाला झाडं दाखवा." तो आधी तुमच्याकडे बघेल, खरंच म्हणतोय का म्हणून. मग बघा कसा बोलायला लागतो.

जंगलात आणि जंगलाजवळ सिगारेट नाही, चूल नाही, काहीही पेटवायचं नाही. आणि जंगलाजवळ राहणाऱ्या श्रोत्यांसाठी, फोनचा एक चांगला उपयोग: भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगींचे इशारे पाठवते. त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं तर आपल्या भागातल्या आगीचा मेसेज आपल्याला येतो. मी नोंदवलंय. गेल्या आठवड्यात पहिला आला. रात्री सव्वानऊला. मी तो गाईडला पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "माहीत हाय ताई, आम्ही इथंच हाओत."

सकाळी पुन्हा मेसेज आला, "विझली." त्याखाली काकूंचा फोटो होता, अंगणात मोह पसरून बसलेल्या. मागे खराटा भिंतीला टेकवलेला.

काकूंनी येताना मला वाळलेल्या मोहाची पुडी दिली होती. त्यातला थोडा भिजवून कणकेत घालून भाकरी केली. पहिली जळली, दुसरी बरी झाली. आई म्हणाली, "हे कुठून आणलंस?" मग तिला सगळं सांगितलं, जे आज तुम्हाला सांगितलं.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या गावाजवळ आत्ता काय फुललंय ते मला कळवा, व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या.